कागदाचा शालू

दिंद्रुडला आमचं कापडाचं दुकान आहे आणि त्याला बरोबर पश्चिमेकडे तोंड करून काचेचं शोकेस आहे. ज्यानं ते बांधलं त्याला कोपरापासून नमस्कार. त्यात लावलेली साडी महिन्याभरात उन्हानं विटते, मग फुकट दिली तरी बाई नाक मुरडते. म्हणून यांनी पुतळीला बारमाही एकच विटकी साडी नेसवून ठेवली होती. गिऱ्हाईक ती बघायचं आणि माजलगावची गाडी धरायचं.

मला राग यायचा. लग्नसराई तोंडावर आली होती आणि गावातले सगळे बस्ते माजलगावच्या मोठ्या दुकानात बांधले जात होते. एक तरी बस्ता आमच्याकडे यावा म्हणून मी जिवाचं रान करायला तयार होते. हे मात्र हात झटकून मोकळे. "शोकेस बगून कुणी साडी घेत न्हाई," म्हणाले. मग मी हिरवा क्रेप कागद आणला, मैद्याची खळ शिजवली, जुन्या लग्नपत्रिकांतली सोनेरी नक्षी कातरून काठ केले, पदरावर मोर चिकटवले आणि पुतळीला चापूनचोपून शालू नेसवला. यांनी लांबून बघितलं आणि विचारलं, "ही कवा मागिवली?" त्या दिवशी मी शिरा केला.

आणि खरंच बस्ता आला. दोन्हीकडची मंडळी टेम्पो भरून उतरली. आता नवरीकडच्यांनी उचललेली साडी नवरदेवाकडच्यांनी नाकारायची, हा रिवाजच आहे. त्याशिवाय मान राहत नाही. गठ्ठ्यांमागून गठ्ठे सुटले, चहा झाला, पुन्हा चहा झाला. शेवटी वरमाईनं शोकेसकडे बोट केलं.

"ती हिरवी काढा."

"आमीबी तीच म्हणणार व्हतो," नवरीची आई म्हणाली. सकाळपासून दोन्ही घरांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच साडीवर.

कागदाची आहे, असं मी सांगितलं. आधी सगळ्या हसल्या. मग वरमाईनं जाऊन पदर चिमटीत धरला आणि तिचा चेहरा उतरला.

"इकायची न्हाई तर ठिवली कावून?"

तसला रंग खऱ्या साडीत आमच्याकडे नव्हता. टेम्पो माजलगावला गेला. हे साड्यांच्या घड्या घालत बसले. त्यापेक्षा तोंडावर बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीची आई हळूच दुकानात आली. "वैनी, ती कागदाची तेवढी द्या की. रुखवतात मांडायला काईच न्हाई बगा." रुखवतात नवरीच्या हातच्या वस्तू मांडतात, असा एक समज आहे. लेकीच्या लग्नाचं काम. मला नाही म्हणवेना.

मांडवात सगळी गर्दी माझ्या शालूपुढे. पोरीनं स्वतः केला म्हणून नवरीची आई सांगत होती. वरमाईला सगळं ठाऊक होतं, पण आता सून तिची होती, त्यामुळे तीही मान डोलावत होती. माझ्याशेजारी नवरदेवाची मांजरसुंब्याची आत्या उभी होती. बस्त्याला ती आली नव्हती. आमचं कापडाचं दुकान आहे असं कळल्यावर तिनं मला मायेनं बाजूला घेतलं.

"पोरीच्या हाताला लई गुण हाय बगा," ती म्हणाली. "तुमी असली एक साडी दुकानात लावा. मग बस्ते कसे पळत येत्यात बगा."

मी "हो" म्हणाले आणि पंगतीला जाऊन बसले.