अँटेनाला हळदकुंकू

आमच्याकडे गुरुवारच्या पोथीला येणाऱ्या बायका हल्ली प्रसाद घेऊनही उठत नाहीत. म्हणतात, "देवीची कहाणी झाली, आता स्वातीची सांगा." देवीची कहाणी दर वेळी तीच, स्वातीच्या मात्र वाढतच चालल्यात.

स्वाती माझी लेक. नागपूरची नोकरी सोडून घरी आली आणि मागच्या खोलीत यंत्रं बनवायला लागली. यंत्र कालव्याच्या गेटवर बसवायचं, पाणी किती आहे ते मोबाईलवर कळणार. त्यातला अँटेना तिनं स्वतः आखलेला. चोरखमारा तलावाकडच्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेनं यंत्रं घेतली तर ती इथंच राहणार, नाही तर परत नागपूर. माझं देवीकडे मागणं काय असेल, ते सांगायला नको.

*

पहिला अँटेना तिनं बाबांना दाखवला. बोटाएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर छापलेली तांब्याची नागमोडी रेघ. आमच्या गच्चीवर अजून टीव्हीचा जुना अँटेना उभा आहे. यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"हा अँटेना? मंग कावळा बसन कुठं?"

*

शेजारच्या लताबाईंनी विचारलं, "रेघ अशी वाकडी कायले?"

"काकू, नऊवारी कपाटात कशी ठेवता?"

"घडी घालून."

"मी तांब्याची घडी घातली. लांबी तेवढीच लागते, जागा मात्र नाही."

लताबाईंनी पट्टी उलटसुलट करून पाहिली. "मंग पदर कुठचा?"

स्वातीनं रेघेचं मोकळं टोक दाखवलं. बाईंचं समाधान झालं.

*

पाऊस आला म्हणून यांनी यंत्र माझ्या स्टीलच्या डब्यात घातलं, घट्ट झाकण लावलं आणि अंगणात ठेवलं. स्वातीचा मोबाईल दिवसभर मुका. शेवटी तिला डबा सापडला.

"थेंबभर पाणी जात नाही यातून," हे अभिमानानं म्हणाले.

"सिग्नलही जात नाही, बाबा."

*

खंडेनवमीला मी विळा पूजते, शिलाई मशीन पूजते, यांची स्कूटरही पूजते. यंत्राला कसं वगळणार? अँटेनावर छान ठसठशीत हळदकुंकू लावलं.

"आई, ओली हळद लागली की त्याचा सूर उतरतो गं," स्वाती म्हणाली. मग तिनं यंत्राच्या डब्याच्या तळाशी पेनानं छोटासा गोल काढून दिला. "हळदकुंकू इथं. देवीला चालेल ना?"

"देवीला सगळं चालतं. तुझ्या अँटेनाचीच तब्येत नाजूक."

*

मग कालव्यावर संस्थेला यंत्र दाखवायचा दिवस आला. मीही सोबत गेले. स्वाती गेटवर यंत्र बसवून झाडाखाली मोबाईल लावायला गेली. तेवढ्यात संस्थेच्या अध्यक्षांनी, नवी वस्तू म्हणून, स्वतःच्या हातानं पूजा उरकली. झेंडूचा ओला हार गुंडाळला, ओल्या लाल फडक्यात नारळ बांधला. यंत्र दिसेनासं झालं, आणि मोबाईल गप्प.

"काऊन चूप बसून राहिला हा?" अध्यक्ष म्हणाले.

स्वाती माझ्याकडे बघायला लागली. अध्यक्षांनी घातलेला हार काढा, हे अध्यक्षांना कोण सांगणार?

मी डोक्यावर पदर घेऊन पुढे झाले. "भाऊ, पूजा झाली. उत्तरपूजा राहिली."

त्यांच्याच पूजेच्या ताटातल्या अक्षता वाहिल्या, हात जोडले. हार उतरवला, नारळ सोडून त्यांच्या हातात दिला, पदरानं डबा कोरडा पुसला.

मोबाईल वाजला. गेटवरचं पाणी पडद्यावर आलं.

अध्यक्षांनी नारळ कपाळाला लावला. "लावा सगळ्या गेटले," ते म्हणाले. "पण वहिनी, हर गेटवर उत्तरपूजेले तुमालेच यावं लागन."