देवाच्या पत्रीचं काचघर

देव परीक्षा पाहतो, असं लोक म्हणतात. त्या ऑक्टोबरात मला मात्र वाटायचं, परीक्षा वगैरे काही नाही, त्याने माझा नादच सोडून दिला आहे. सकाळी दिवा लावायचे, हात जोडायचे आणि मागायला काही सुचत नसे. मागून मागून थकले होते.

आइंडहोवनजवळच्या न्यूनेन गावाच्या कडेला एका शेतकऱ्याच्या जागेत माझं भाड्याचं काचघर होतं. नवऱ्याच्या व्हिसावर नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला आले, सुरुवातीचा काळ घरात बसून काढला. मग एका गणपतीत दूर्वांच्या जुडीसाठी सगळीकडे फोन करूनही हाती काही लागलं नाही, तेव्हा हे डोक्यात आलं. तुळस, बेल, दूर्वा, शमी, विड्याची पानं, जोडीला कढीपत्ता आणि अळू. थेट द हेगपर्यंतच्या मराठी घरांतून मागणी यायची. “वहिनी, तुम्ही नसतात तर आमच्या बाप्पाला प्लास्टिकची पत्री वाहावी लागली असती,” असं कुणी म्हटलं, की मी आठवडाभर हवेत असे. हा धंदा नाही, ही सेवा आहे, असं मी मनाशी पक्कं धरलं होतं.

पण सगळी झाडं उबदार मुलखातली, आणि इथला हिवाळा काही त्यांची कीव करत नाही. गॅस महागला तसं उन्हाळ्यातलं उत्पन्न हिवाळा खाऊ लागला. एखाद्या व्यापाऱ्याने वेळीच कुलूप लावलं असतं. मी लावणार कशी? देवाचं काम देव कसं बुडू देईल, या भरवशावर घरातली शिल्लकही त्यात ओतली. आता भाड्याचा करार संपत आला होता. तो पुढे चालू ठेवायचा तर घरावरचं कर्ज वाढवण्याशिवाय इलाज नव्हता. निखिल, माझा नवरा, एवढंच म्हणाला, “अगं, लोन वाढवू आपण, बघू काय होतं ते. तू आधी दोन घास खाऊन घे.” त्याने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. त्याच्या चांगुलपणाने मी आणखीच खचले.

खेमेन्टेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, त्यानेच चौकशी केली. शेतकरी आणि गावाकडचे छोटे व्यावसायिक अडचणीत आले की घरी येऊन बसणाऱ्या, हिशेब समजून घेणाऱ्या स्वयंसेवकांची एक संस्था आहे, असं तिथे कळलं. टोस नावाच्या बाई गुरुवारी येतील असं ठरलं. मी होकार दिला तो निखिलच्या समाधानासाठी. आकडे मलाही दिसत होते. परक्या बाईला ते वेगळे दिसणार होते थोडेच?

मंगळवारी सकाळी निखिल ऑफिसला आणि लेक शाळेला गेल्यावर मी देवीला कौल लावला. आमच्याकडे कोकणात गुरव लावतो तसा. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर काचघर चालू ठेवायचं, डावी पडली तर बंद. मी समोर बसून राहिले. पाकळ्या सुकत आल्या, पण एकही हलली नाही. देवी नाही म्हणाली असती तरी चाललं असतं. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही, असं मला वाटलं. आयुष्यात इतकं एकटं मी कधी पडले नव्हते.

तशीच सायकल काढून काचघरात गेले आणि बेलाच्या कुंड्यांमागे जमिनीवर बसले. त्या वेळी मनात जे चाललं होतं ते लिहायला हात धजत नाही. निखिलचा फोन येत होता, तो उचलावासा वाटला नाही. मग दार सरकल्याचा आवाज आला. सत्तरीच्या पुढच्या, पावसाळी कोट घातलेल्या एक उंच बाई आत डोकावत होत्या. त्या टोस. रस्ता खोदल्यामुळे वळसा घालून जाताना काचघराकडची वाट लागली, तेव्हा गुरुवारच्या आधी जागा नुसती बघून जावी म्हणून त्या थांबल्या होत्या.

त्यांनी झाडांबद्दल विचारलं नाही, हिशेबाबद्दलही नाही. गुडघे धरत माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, “एक विचारते, खरं सांग. आपण नसलेलंच बरं, असं वाटतं का तुला?”

मी हो म्हटलं. ते मोठ्याने म्हणता येतं हेच मला ठाऊक नव्हतं. त्या दचकल्या नाहीत, समजूतही घालत बसल्या नाहीत. “बरं. मग आज हिशेब नको. आधी तुझ्या नवऱ्याला बोलावू,” म्हणाल्या आणि माझ्याच फोनवरून त्यांनी निखिलला बोलावलं. तो येईपर्यंत माझा हात त्यांच्या हातात होता. तेवढ्या वेळात स्वतःबद्दल त्या एकदाच बोलल्या. “आमच्या गाई विकून ट्रकमधून नेल्या, त्या दिवशी माझा नवरा असाच गोठ्यात बसला होता. मी त्याला हे विचारलं नाही. वाटलं, विचारलं तर नसलेलं त्याच्या मनात येईल. म्हणून आता सगळ्यांना विचारते.” पुढचं मी विचारलं नाही. निखिल गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच घेऊन धावत आला आणि मला धरून लहान मुलासारखा रडला. दुसऱ्या दिवशी टोसबाईंसह आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो.

हिशेब नंतर झाले, आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहा पीत, सावकाश. काचघर वाचत नव्हतं. मी हट्टाला पेटून विचारलं, “देवाचं काम असं अर्धवट टाकायचं?” टोसबाई स्वतः दर रविवारी चर्चला जाणाऱ्या. थोडा विचार करून म्हणाल्या, “ते काम देवाचं असेलही. पण गॅसचं बिल तुझ्या नावाने येतं.” कितीतरी दिवसांनी मला हसू आलं, आणि हसता हसता रडूही.

कर्ज वाढवलं नाही. नोव्हेंबरात काचघर बंद केलं. लहान कुंड्या लोक घेऊन गेले, मोठी झाडं तिथेच राहिली. पहिल्या कडाक्याच्या थंडीत विड्याच्या वेली काळ्या पडल्या. मी ते बघायला गेले, आणि टोसबाई सोबत आल्या. तेव्हा जे दुखलं ते अजून दुखतं. औषधं चालू आहेत. काही सकाळी उठणंच जड जातं. कृपा झाली म्हणजे सगळं ठीक झालं, असं मी कुणाला सांगणार नाही. त्या दिवशी रस्ता खोदलेला होता, एवढंच मला माहीत आहे. तो कुणी खोदून ठेवला होता यावर मी वाद घालत नाही. रोज हात जोडताना टोसबाईंचं नाव घेते.

पुढच्या वर्षी गणपतीला आमच्याच घरात पत्री नव्हती. कुणाकडे मागायची हिंमत झाली नाही. निखिल पोथीतून पूजा सांगत होता. पत्रीपूजेपाशी येऊन तो अडखळला आणि माझ्याकडे पाहू लागला. मी आजवर कितीदा ऐकलं होतं, जे नसेल त्याच्या ऐवजी अक्षता वाहाव्यात. वस्त्र नसेल तर अक्षता, अलंकार नसतील तर अक्षता. ज्याच्याकडे काही उरलेलं नाही, त्याचीही सोय पूजेत आधीपासूनच करून ठेवलेली आहे, हे मात्र कधी मनात उतरलं नव्हतं. मी ताटातल्या चार अक्षता उचलून बाप्पाच्या पायाशी ठेवल्या. “पत्रीच्या ऐवजी अक्षता,” निखिल हळूच म्हणाला आणि त्याने पान उलटलं. पूजा थांबली नाही.