बेवारस गाठोडं

पद्मिनीबाई मागच्या व्हरांड्यात गोधड्या शिवत आणि त्यांचे यजमान त्या व्हरांड्याला उकिरडा म्हणत. श्यामकांतराव पुण्याहून उत्तरेतल्या या शहरात आलेले, तीस सेक्टरच्या सरकारी प्रयोगशाळेत नाजूक यंत्रं जुळवणारे मोठे शास्त्रज्ञ. घरात स्वतःचा मोजा शोधायला मात्र बायकोला हाका मारायचे. व्हरांड्यात लुगड्यांचे ढीग, चिंध्यांची पोती आणि मधे जेमतेम मांडी घालण्यापुरती जागा होती, पण कुठली चिंधी कुठे आहे ते बाई डोळे मिटून सांगत.

त्या थंडीत शेजारच्या मेजरची बायको चित्रा चहाला आली. दर बदलीला संसार पेट्यांत कोंबणाऱ्या या बाईने व्हरांडा बघून नाक मुरडलं.

“काकू, आमचा पक्का नियम आहे. एका पोस्टिंगमध्ये जे उघडलं नाही, ते पुढच्या ट्रकमध्ये चढत नाही.”

“बघ, शीक जरा,” श्यामकांतराव म्हणाले. त्यांना तर गुरुमंत्रच मिळाला होता.

रविवारी बाई सतरा सेक्टरला दोरा आणायला गेल्या तशा साहेबांनी बाह्या सरसावल्या. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: ‘बटणं’, ‘रिळं’, ‘काठ’, ‘किरकोळ’. डब्यात जे मावलं नाही ते जुन्या चौकड्याच्या चादरीत बांधून फाटकाबाहेर ठेवून दिलं. पुण्यात ते असंच ठेवत, कोणी गरजू उचलून नेई. इथे बसमध्ये, बाजारात, रेडिओवर दिवसरात्र बजावत होते की बेवारस वस्तूला हात लावू नका. रोज पेपरात स्फोटाच्या बातम्या वाचून सुस्कारे टाकणाऱ्या या विद्वानाच्या डोक्यात तेवढं मात्र शिरलं नव्हतं.

बाई परतल्या तर गल्लीच्या तोंडाशी दोर बांधलेला. पोलीस वाळूची पोती रचत होते आणि अर्धा सेक्टर लांब उभा राहून माना उंचावत होता. त्या गर्दीत श्यामकांतरावही होते.

“बेवारस गाठोडं आहे,” ते पुटपुटले. “पथक येऊन उडवणार म्हणतात.”

बाईंनी चादर ओळखली. लेकीच्या, वीणाच्या, पहिल्या बाळाचं दुपटं सकाळी त्या याच चादरीवर ठेवून गेल्या होत्या. त्यांच्या माहेरी बाळाला नव्या कापडात गुंडाळत नसत, पणजीच्या अंगावर मऊ झालेलं लुगडंच लागे. गेलेल्या आईचं ते शेवटचं लुगडं. मधोमध बाईंनी हौसेने नवऱ्याच्या लग्नातल्या सदऱ्याचा चौकोन लावला होता.

“अहो, आपलंच आहे ना ते? मग सांगा की त्यांना!”

“हळू बोल. नाव लिहून घेतील. सरकारी नोकरी आहे माझी.”

बाईंना त्यांची किळस आली. त्या दोराखालून वाकून सरळ चालू लागल्या.

“बीबीजी, रुको! बम है!” हवालदार ओरडला.

“बम नहीं है. मेरी माँ की साड़ी है.”

रस्त्यावर बसून त्यांनी गाठी सोडल्या. विटकरी लुगड्याचं दुपटं त्यांनी उंच धरलं तेव्हा गर्दी हसली. मघाशी जीव मुठीत धरून उभी असलेली माणसं आता टाळ्या पिटत होती, आणि गच्चीवरून चित्रा सगळ्यांत जोरात.

हवालदाराने मात्र खिशातून पेन काढलं. “किसने रखा यहाँ?”

बाईंनी गर्दीकडे पाहिलं. श्यामकांतराव वाकून बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी बराच वेळ बांधली.

“मेरा नाम लिखिए,” बाई म्हणाल्या. “घर में और कोई नहीं है.”

हवालदाराने दम भरला तो त्यांनी ऐकून घेतला आणि गाठोडं उचलून घरी आणलं. मग व्हरांड्यात बसून, दिवा लावायच्या आत, त्यांनी दुपट्यातला सदऱ्याचा चौकोन टाका टाका उसवला. फेकला नाही. घरात आता शिस्त आली होती, म्हणून नीट घडी करून ‘किरकोळ’च्या डब्यात ठेवला.