लाल गाडी कोणी बनवली

राजधानी झाल्यावर रायपुरात ज्याच्या-त्याच्या दारात नवी गाडी आली, माझ्या दारात मात्र तीच खोकणारी स्कूटर. ती घेऊन बूढापाऱ्यातल्या गॅरेजमध्ये गेले, तर रॅम्पवर एक लाल, उघडी, दोनच माणसांची मोटार चढवलेली. समोर विलायती बिल्ला, जुन्या रेसच्या गाड्यांसारखे गोल दिवे, बॉडी मात्र फायबरची. नक्कल आहे हे गाडीच्या मालकालाही ठाऊक होतं; वरातींना गाड्या भाड्याने देणाऱ्या माणसाकडून त्याने ती हौसेने घेतली होती. पुढची काच फुटली होती आणि तशी काच बाजारात नव्हती. गाडी बनवणारा सापडला तरच माप मिळणार. मेकॅनिक दिल्लीचं नाव घेत होता, मालक कोइंबतूरचं.

माझ्या स्कूटरकडे कोणी बघेना, म्हणून मीच मोटारीखाली डोकावले. प्रत्येक नटावरून खालच्या लोखंडापर्यंत एक बारीक पिवळी रेघ ओढलेली होती, शेवटाला किंचित खाली वळलेली. नट ढिला झाला की रेघ तुटते आणि लगेच कळतं. बाबा रेल्वेत वॅगन दुरुस्तीचे फिटर होते. कसून तपासलेल्या प्रत्येक गोष्टीवर ते अशी रेघ मारत. आमच्या कूलरच्या स्टँडवर होती, माझ्या शाळेच्या सायकलवर होती, देवाच्या फळीच्या ब्रॅकेटवरही होती. राज्य नवीन झालं त्या सुमारास ते ड्युटीनंतर भनपुरीच्या एका शेडमध्ये जात, हेही मला आठवलं. काय करता विचारलं की टाइमपास म्हणत.

माझी छाती अशी फुगली की विचारू नका. गाडी माझ्या बाबांनी बनवली, हे मी अख्ख्या गॅरेजला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं आणि त्याच संध्याकाळी मालकाला घरी घेऊन आले.

बाबांनी मालकाच्या मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि आपण ही गाडी कधी बघितली नाही म्हणाले. मला वाटलं, नोकरीत असताना बाहेरचं काम केलं म्हणून पेन्शनची धास्ती असेल. मी हसत हसत रेघेचं सांगितलं, कूलरकडे बोट दाखवलं, त्यांना पार उघडं पाडलं. त्यांनी चिवड्याची प्लेट मालकापुढे सरकवली. मला त्यांचा रागच आला. जन्मभर दुसऱ्यांचे डबे दुरुस्त केले, एक अख्खी वस्तू स्वतः उभी केली, तर ती आपली म्हणायला यांचं काय जातं?

मालक भला माणूस होता. त्याने विषय सोडला, चहा संपवला. उठता उठता सांगितलं की मुलीचं लग्न ठरलंय, काच बसली की तिची पाठवणी याच गाडीतून करायची. मुलगी स्वतः चालवणार, नवऱ्याला शेजारी बसवून, नव्या राजधानीच्या मोकळ्या रस्त्यावर.

तेव्हा बाबा बोलले. "भैया, गाड़ी मैंने ही बनाई है। उसको सड़क पे मत निकालना।"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शेडवाल्याने ते काम एका व्यापाऱ्याच्या मुलाच्या वरातीसाठी घेतलं होतं. सामान जुन्या जीपचं. स्टिअरिंगचा रॉड आखूड पडला, त्याला जोड द्यावा लागला. वेल्डिंग आतपर्यंत उतरलं नाही, हे बाबांना तेव्हाच कळलं होतं. पण तिकडे वरात खोळंबलेली, इकडे शेडवाला डोक्यावर बसलेला. वरातीत गाडी माणसाच्या चालीने चालते, परत आली की नीट करू, असं म्हणून त्यांनी जोड घासला, रंगवला आणि वर पिवळी रेघही मारली. पण वरातीनंतर शेडवाल्याने गाडी परस्पर विकून टाकली.

मालक काही वाईट बोलला नाही. रॉड उघडून बघतो म्हणाला आणि नमस्कार न करता निघून गेला. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकचा मला फोन आला. काढलेल्या रॉडवर हातोडी हाणली, तर तो जोडावरच तुटला होता.

मिरवायला म्हणून मी माझ्या बापाला परक्या माणसासमोर उभं केलं होतं, ते मला खात होतं. बाबांची समजूत घालायला बसले ती खरं तर माझीच घालत होते. तुम्ही बोललात म्हणून ती पोरगी वाचली, मी म्हटलं. आणि इतक्या वर्षांत कोणाला काही झालं नाही, तेही बघा ना.

"काही झालं नाही, हे तुले काय मालूम?" बाबा म्हणाले. "मी रोज पेपर पाहो. लाल गाडीचा एक्सीडेंट नाही दिसला का देवाले हात जोडो. पन गाडी कुठं गेली ते पाह्याले एक दिवस नाही गेलो."