तळेघरच्या चढावर ओढलेला चोक

आज एका गिऱ्हाइकाने गॅरेजात जुनी कार्बोरेटरची गाडी आणली. किक मारताच कच्च्या पेट्रोलचा वास नाकात शिरला आणि मी तळेघरच्या चढावर जाऊन पोचलो.

त्या सकाळी तळेघरहून दाजींचा फोन आला होता. "भाऊ, तुज्या ताईला खाचरात साप चावलाय. हितं एकबी गाडी न्हाई. लवकर ये."

घाट चढायचा तर कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून इंजिनात जाणारं पेट्रोल वाढवायचं, ही आम्हा नारायणगावच्या मेकॅनिकांची रीत. मीही वाढवलं आणि निघालो. शेवटच्या चढावर गाडी काळा धूर ओकत बंद पडली. मला वाटलं, पेट्रोल अजून कमीच पडतंय. म्हणून हवा अडवून पेट्रोल वाढवणारा चोक ओढला. घामाघूम होऊन किक मारत राहिलो. प्लग आणखी भिजत गेला.

शेवटी गाडी टाकून पळत पोचलो. ताईला ओट्यावर निजवलं होतं, तोंडावर पदर होता. दाजी म्हणाले, "आत्तापर्यंत वाट बघत व्हती."

वर हवा विरळ होते, तिथं पेट्रोल कमी करायचं असतं, हे मला फार नंतर कळलं. हवेचा स्क्रू अर्धा फेरा सोडायचा होता, बस्स. पेचकस माझ्या खिशातच होता.