बकेटमधून न पडणारी माती

माझं पोकलेन माझ्या बायकोनं कधी धड चालताना पाहिलं नव्हतं. ती समोर नसली की ते चालायचं.

ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर अमरावतीच्या घरात, मागच्या खोलीत, मी ते बांधायला घेतलं. कालव्यांवर आणि रस्त्यांच्या कामांवर दिसणाऱ्या माती खणणाऱ्या यंत्राची ही रिमोटवर चालणारी प्रतिकृती, खऱ्याच्या चौदाव्या हिश्श्याची. साध्या मोटरी लावल्या असत्या तर कधीच संपलं असतं. पण मला त्याचा हात तेलाच्या दाबावरच उचलला जायला हवा होता. नुसते हातवारे करणारे मी नोकरीत व्यासपीठावर पुष्कळ पाहिले होते. हा बाणा महागात पडला. पितळी नळीचा एक सांधा घट्ट केला की दुसरा पाझरायचा. डावीकडे वळवलं की यंत्र उजवीकडे वळायचं, आणि ते सुधारलं की हाताच्या टोकाची, माती उचलणारी बकेट उघडायच्या ऐवजी मिटायची. एका दुपारी मात्र सगळं जुळलं. यंत्रानं ट्रेमधली माती खणली, उचलली, वळून शेजारच्या छोट्या टिप्पर ट्रकमध्ये ओतली. मी हाक मारली. बायको हात पुसत दारात आली आणि त्याच क्षणी एक नळी सुटून भिंतीवर तेल उडालं.

"आत्ताच चाललं होतं," मी म्हणालो.

"हाव. मी आली का थांबते ते. लाजते वाटते मले."

पुढेही असंच होत राहिलं. बॅटरी उतरायची, साखळी निसटायची, आणि ते नेमकं ती दारात आल्यावर. ती निदान हसायची तरी; मला तेही जमत नव्हतं. वास्तविक मातीसुद्धा तिनंच आणून दिली होती, दर्यापूरच्या माहेरून, पिशवी भरून. "वाळूत तं कोनीबी खनते," असं वर म्हणाली होती. ती काळी माती मी उन्हात वाळवून चाळून घेतली. कोरडी असली की ती रव्यासारखी सुटते. ओली झाली की काय करते, ते पावसाळ्यात तिच्या माहेरच्या वाटेवर चपला हातात घेऊन चालणाऱ्याला विचारावं. म्हणून ट्रेवर मी कायम झाकण ठेवायचो.

अकोल्याचा माझा साडू तिथल्या ज्येष्ठांच्या एका मंडळाचा सचिव आहे. मंडळानं छंदांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा त्याचा फोन आला. "साडभाऊ, उद्घाटन तुमच्या मशीननंच करू. पाहुणे रिमोट दाबतीन, मशीन माती उचलन, झालं! फीत कापनं आता जुनं झालं."

मी नाही म्हणणार होतो. पण बायको म्हणाली, "मी बी येते. पहिल्या रांगेत बसते. चारचौघांत तं लाजनार नाही ना ते?"

म्हणून गेलो. मला सत्कार नको होता. तिच्या डोळ्यांदेखत एक बकेट माती टिप्परमध्ये पडायला हवी होती, बस्स.

पाहुणे अर्थातच उशिरा आले. मग दीपप्रज्वलन, स्वागतगीत आणि एकेकाचा परिचय झाला. माझा परिचय करून देणाऱ्यानं मला शास्त्रज्ञ करून टाकलं. यंत्रयुगावरच्या पाहुण्यांच्या भाषणात यंत्र सोडून बाकी सगळं आलं. बॅटरी वाचवायला मी यंत्र बंद ठेवून उभा. अखेर पाहुणे उठले, मी रिमोट त्यांच्या हातात दिला, तोच साडू ओरडला, "थांबा, थांबा! नारळ राह्यला!"

नव्या मशीननं पहिली माती काढायच्या आधी नारळ फोडतात. खऱ्या पोकलेनपुढे दगडावर फोडतात. इथं दगड नव्हता. "अहो, बाजूला, बाजूला!" असं मी म्हणेपर्यंत पाहुण्यांनी ट्रेच्या लोखंडी कडेवर नारळ हाणला आणि सगळं पाणी दर्यापूरच्या मातीत गेलं. त्यावर साडूनं हळदकुंकू टाकलं.

"पाणी पडलं मातीत!" मी दात-ओठ खात पुटपुटलो. दुसरी माती आणणार कुठून? हॉलच्या अंगणात सगळीकडे सिमेंटचे ठोकळे बसवलेले.

"शुभ असते, साडभाऊ," तो म्हणाला.

यंत्र त्या दिवशी निर्दोष चाललं. खणलं, उचललं, वळलं, टिप्परवर येऊन बकेट उघडली. माती पडली नाही. टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी रिमोट मला परत दिला आणि माझ्या खांद्यावर शाल घातली. ती शाल सावरत मी बकेट उघडतोय, मिटतोय, झटकतोय. कुंकवासकट गोळा ढिम्म. निवेदकानं सोहळा यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. टिप्परकडे कुणी पाहिलंच नाही. फक्त पहिल्या रांगेतून बायको पाहत होती.

परतीच्या बसमध्ये यंत्र माझ्या मांडीवर होतं, भरल्या बकेटचा हात तसाच वर. खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती.

"चाललं तं खरं," ती म्हणाली.

"माती पडली नाही."

"नाही पडली." खोटं समाधान करणं तिला जमत नाही.

मूर्तिजापूरच्या अलीकडे बस गतिरोधकावरून दाणकन उडाली. काळी माती वाळली की आखडते, कडा सोडते. बकेटच्या आकाराचं ते अख्खं ढेकूळ सुटलं आणि तिच्या ठेवणीतल्या साडीवर येऊन पडलं.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. "पडली बापा."

"हे मी नाही केलं."

"मले माहीत आहे." मला वाटलं, आता ती ते खिडकीबाहेर टाकणार. तिनं ते रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं. "घरी पुन्हा चाळून घ्या. अन् मले हाक नका मारू. मी आधीपासूनच येऊन बसते तिथं. पाहू कितीक दिवस लाजते."

मी हो म्हणालो. तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर कोमट तेल ठिबकायला लागलं. मी सत्काराची शाल हळूच त्यावर ओढून घेतली.