शुक्रासाठी आठ वर्षं

भूकंपानंतर लातुरात आम्ही कित्येक आठवडे अंगणात झोपलो. छताची भीती पुढे ओसरली, पण आकाश बघायची खोड लागली ती लागलीच. काही वर्षांनी मी, शाळेत भूगोल शिकवणारी बाई, दुर्बीण घेतली आणि तिच्या तोंडावर काळा फिल्टर बसवून गच्चीवरून सूर्याचे फोटो काढू लागले. "बाईंना सूर्य आता दुर्बिणीतूनच दिसतो वाटतं," असं लोक म्हणायचे. म्हणोत बापडे.

मुलगी नऊ वर्षांची असताना शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता. दिवसभर ढग हलले नाहीत. ती रडली. मी म्हटलं, "आठ वर्षांनी परत जाणार आहे. तेव्हा फोटो तू काढायचास." पोरीने ते मनावर घेतलं. सूर्यावरचे डाग टिपायला शिकली. दुर्बिणीला माझा हात लागून फोटो हलला की मलाच दटावायची.

आठ वर्षांनी ती बारावीत होती आणि लातूर क्लासेसचं गाव झालं होतं. नेमकी त्याच सकाळी सात ते दहा टेस्ट निघाली. टेस्ट बुडवली की खालच्या बॅचमध्ये रवानगी, असा क्लासचा नियम. शुक्र साडेदहाच्या आत बिंबावरून उतरणार होता.

"आई, एकच तर टेस्ट आहे," ती म्हणाली.

शेजारच्या काकूंकडे क्लासच्या चार मुली राहायच्या. काकूंनी मला ऐकवलं, "बाई, सूर्य कुटं पळून चाललाय व्हय? पोरीची बॅच मातर जाईल."

काकूंना कशाला बोल लावू? वर्गात कुतूहलावर घसा कोरडा करणारी मीच. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी म्हटलं, "तू जा. फोटो मी काढते."

त्या सकाळी आकाश स्वच्छ झालं, याचा मला आजही राग येतो. ढग राहिले असते तर मी सुटले असते. बिंबावर काळाभोर, रेखीव ठिपका आला. सांगायला लाज वाटते, पण त्या तीन तासांत मी खूश होते.

साडेदहाला सायकल फाटकावर आदळली. चपला न काढता ती धापा टाकत वर आली.

"संपलं?"

"आत्ताच. दहा मिनिटं झाली."

मी लॅपटॉप तिच्यापुढे धरला. तिने नीट पाहिलं.

"छान आलाय," ती म्हणाली. "पण असा तर पुस्तकातपण असतो."

मग खाली जाऊन ती टेस्टची उत्तरं तपासत बसली.

आज ती नांदेडला डॉक्टर आहे. लोक म्हणतात, बाईंच्या कष्टाचं चीज झालं. त्या टेस्टचे गुण आम्हा दोघींनाही आठवत नाहीत. शुक्र आता शंभरावर वर्षांनी जाणार. ती सकाळ मी तिच्या हातून काढून घेतली आणि फोटो तेवढा स्वतःच्या नावावर ठेवला.